कवळी जोडण्याच्या तीन पद्धती

रविवार, १० ऑगस्ट १९५८. चिंचवड.
सासरे नानासाहेब आज खेडहून धोंड्याचं वाण घेऊन स्वतः आले. अनारसे, चांदीची वाटी, धोतरजोडी. बरोबर धाकटी मेहुणी सुमन. पुढच्या रविवारी अधिक महिना संपलेला असेल, तेव्हा तिला बघायला चऱ्होलीचे उद्धवराव आमच्या घरी येणार. त्यांचा पुतण्या सयाजी आमच्याच औषधांच्या कारखान्यात आहे. स्थळ उत्तम. सुमनची आधीची स्थळं बोलणी करतानाच फिसकटली. नानासाहेब निवृत्त हेडमास्तर, समोरच्याला वाक्य पुरं करू देत नाहीत. पण बोलणी करावी तर त्यांनीच.

मी आग्रह केला की एक तरी अनारसा खा. बायको कुसुम म्हणत होती की कडक झालेत. नानासाहेबांनी चावा घेतला. अनारसा शाबूत. वरच्या कवळीचे दोन तुकडे.

कुसुम माझ्याकडे बघत राहिली. मी काय केलं? माल हलका होता.

ती म्हणाली, उद्या पहिल्या गाडीने पुण्याला दातांच्या डॉक्टरकडे जाऊ. मी म्हटलं, काही गरज नाही. कवळी प्लास्टिकची आहे आणि प्लास्टिक हा माझा विषय. कारखान्याच्या स्टोअरमध्ये काचेसारख्या प्लास्टिकच्या शीटा माझ्याच सहीने आत येतात. त्यांच्या खोक्यात प्लास्टिक जोडण्यावर एक इंग्रजी पुस्तिका आली होती, ती मी घरी आणली आहे. पद्धती तीन: उष्णता, डिंक, द्रावक. नानासाहेब तोंडाला उपरणं लावून बसले होते. काही बोलले नाहीत, म्हणजे हो.

लग्नाला सात वर्षं झाली, त्यांनी मला कधी शाबास म्हटलेलं नाही. या आठवड्यात म्हणतील.

सोमवार, ११ ऑगस्ट
पद्धत पहिली. सुरी स्टोव्हवर तापवून दोन्ही कडांना लावली. प्लास्टिक मऊ झालं, म्हणजे पुस्तिका खरी आहे. मात्र समोरचा एक दात जागा सोडून आडवा झाला. खोलीभर वास. शेजारच्या छबूबाई विचारून गेल्या की काय जळतंय.

नानासाहेबांनी रात्री पेज घेतली. पचायला हलकी. एका अर्थी बरंच झालं.

मंगळवार, १२ ऑगस्ट
पद्धत दुसरी. सेल्युलॉइड ॲसिटोनमध्ये विरघळवून घट्ट डिंक करायचा. कुसुमची जुनी फणी घेतली. ती जुनी नव्हती असं नंतर कळलं.

डिंक मधासारखा झाला. जोड संध्याकाळपर्यंत टिकला! नानासाहेबांनी कवळी बसवली, आरशात पाहिलं, चहाचा घोट घेतला. कवळीचा अर्धा भाग कपात.

गरम चहाची अट पुस्तिकेत नव्हती.

बुधवार, १३ ऑगस्ट
कुसुम पुन्हा पुण्याचं बोलली. मी शब्द दिला आहे, तो मोडणार नाही. तिसरी पद्धत अजून बाकी आहे आणि ती सर्वांत शास्त्रीय आहे.

संध्याकाळी सुमन रविवारच्या साडीवरचं पोलकं शिवत होती.  एकदा कवळीच्या वाटीकडे बघून पुन्हा सुईत दोरा ओवायला लागली. मला गलबलून आलं. नानासाहेबांचं तोंडच नसेल तर हिची बाजू मांडणार कोण? या पोरीचं लग्न आता माझ्या हातात आहे.

गुरुवार, १४ ऑगस्ट
वर्कशॉपमधल्या भिमाजीकडून क्लोरोफॉर्मची बाटली आणली. हाच तो द्रावक, याने प्लास्टिकच्या कडा विरघळून एकमेकींना चिकटतात; भिमाजी त्यानेच शीटा जोडतो. म्हणाला, "सायेब, थेंबभरच लावा. आन हुंगू नका, झोप येती." मी त्याला पुस्तिका दाखवली.

शुक्रवार, १५ ऑगस्ट. दुपार
सुटी. झेंडावंदनाला गेलो नाही. काम जास्त महत्त्वाचं.

वरची कवळी नीट बसायची तर खालच्या कवळीवर दाबून धरली पाहिजे, हे माझं मला सुचलं. पुस्तिकेत नाही. नानासाहेबांकडे खालची मागितली. त्यांनी ती काढून उपरण्याने पुसली. मग दिली.

थेंब लावला. खात्रीसाठी आणखी थोडा. वाऱ्याने उडून जाऊ नये म्हणून खिडकी लावून घेतली. दोन्ही कवळ्या एकमेकींवर ठेवून सुतळीने आवळल्या. मग जरा डोळे मिटले.

संध्याकाळी
कुसुमने हलवून उठवलं. बाटली आडवी होती, रिकामी. कवळ्या ओल्या. पण जोड बघितला तर रेघसुद्धा दिसत नाही. उद्या सुतळी सोडायची.

शनिवार, १६ ऑगस्ट
सुतळी सोडली.

वरचे दोन तुकडे एकमेकांना जोडले गेले आहेत. पद्धत सिद्ध झाली. वरची कवळी खालचीलाही जोडली गेली आहे.

सुरी घालून पाहिली. एका बाजूने मी ओढलं, दुसऱ्या बाजूने कुसुमने. मग ती खाली बसली आणि म्हणाली, "तुम्ही आता कशालाही हात लावू नका."

नानासाहेबांनी ते मिटलेले दात तळहातावर घेतले. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काय करावं ते सुचेना, म्हणून पुस्तिका पुन्हा वाचली.

दुपारी त्यांना पुण्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, दोन्ही नव्या कराव्या लागतील, गणपतीनंतर या.

रविवार, १७ ऑगस्ट
मंडळी येऊन गेली. नानासाहेब उपरण्यात तोंड लपवून बसलेले, नुसती मान हलवत. तेव्हा बोलणी करायची जबाबदारी माझ्यावर आली. शांतता बरी दिसत नाही म्हणून मी, कवळीचं नाव न काढता, प्लास्टिक जोडण्याच्या पद्धती उष्णतेपासून सांगायला सुरुवात केली. द्रावकापर्यंत आलो तेव्हा उद्धवराव खिडकीबाहेर बघत होते. सयाजी जांभई दाबत होता.

मी पाणी प्यायला थांबलो तेवढ्यात उद्धवरावांनी सुमनला काही विचारलं. नानासाहेब मधे बोलू शकत नव्हते. तिनेच उत्तर दिलं, मग पुढच्याचंही दिलं. सयाजी हसला.

जाताना म्हणाले, कळवतो. हा शब्द या घराने आधी ऐकलेला आहे. कुसुम आतल्या खोलीत रडली. मी दाराशी उभा राहिलो. 

रविवार, २४ ऑगस्ट
नानासाहेब अजून इथेच. दातांशिवाय गावात जायची त्यांना लाज वाटते.

आज उद्धवराव स्वतः आले. पसंती आहे! लग्न तुळशीच्या लग्नानंतर. म्हणाले, मुलगी धीट आहे, आणि वडील असे शांत, समंजस, दुसऱ्याचं ऐकून घेणारे आम्हाला आजवर भेटले नव्हते. मी कुसुमकडे पाहिलं. शेवटी श्रेय कोणाचं?

उद्धवराव पुढे म्हणाले की अट एकच आहे, यापुढच्या बैठकीत थोरल्या जावयांना बसवू नये.

ते गेल्यावर नानासाहेबांनी उपरणं बाजूला केलं. माझ्याशी दोन आठवड्यांत पहिल्यांदा बोलले. "जावईबापू, लग्न लागेपर्यंत मी असाच राहतो. तुम्हीही गप्प राहा."

शाबास म्हणतील म्हणून थोडा वेळ थांबलो. ते पेज प्यायला लागले.

कवळ्या ट्रंकेतून काढून पुन्हा एकदा ओढून पाहिल्या. जोड पक्का आहे.