ताटावर धरलेला हात

बाबा, गेल्या शनिवारी मी वॉटफर्डला एका लग्नाला गेले होते. जेवताना समोर एक जोडपं बसलं होतं, साधारण माझ्याच वयाचं. बाईंनी ताटावर हात आडवा धरला होता. नवऱ्याने दोन बोटांनी तो हळूच बाजूला सारला आणि जिलबी ठेवलीच. सगळे हसले, बाईही हसल्या. मला तुमची आठवण झाली. माया दाटून यावी तशी नव्हे, घशाशी आंबट यावं तशी. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि मुलीने बापाला आयुष्यातलं पहिलं पत्र लिहावं ते असं, हे काही बरं दिसत नाही. पण बरं दिसण्याचं खातं आपल्या घरात तुमच्याकडे होतं, ते तुमच्याबरोबरच गेलं.

तुमचा आग्रह इथल्या साऱ्या मराठी मंडळात गाजलेला. डॉक्टरांच्या घरून कोणी उपाशी जात नाही, असं लोक म्हणत, आणि तुम्ही ते ऐकून मान खाली घालून हसत. तुमचं ते विनयाचं हसू मला अजून दिसतं. दर शनिवारी माणसं यायची. कोणी क्रॉयडनहून, कोणी नुकताच इंडियातून आलेला, हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये टोस्ट खाऊन कंटाळलेला एखादा ज्युनियर डॉक्टर. आई सकाळपासून किचनमध्ये. ती शेवटी पानावर बसायची आणि तेव्हा तुमचा खास प्रयोग सुरू व्हायचा. तुम्ही भांडं घेऊन तिच्या खुर्चीमागे उभे राहायचात. "सुगरणीला कोणी विचारत नाही, मी विचारतो!" ती हात आडवा धरायची. तुम्ही तो सारायचात. पाहुण्या बायका आपापल्या नवऱ्यांकडे बघत म्हणायच्या, "बघा, शिका जरा." मग आई वर जायची, नळ सोडायची आणि खाल्लेलं सगळं ओकायची. खाली तुम्ही आवाज चढवून नवा विनोद सुरू करायचात. मी जिन्यात टॉवेल घेऊन उभी असायचे. आपल्या घरी शनिवार कसा असतो हे मला शाळेत कोणी विचारलं असतं, तर काय सांगणार होते कोण जाणे.

तुम्ही सर्जन होतात, त्यामुळे आईला काहीतरी कापण्याजोगं झालेलं असणार याबद्दल तुमच्या मनात शंका नव्हती. बेरियम पाजून पोटाचे फोटो काढले, घशातून नळ्या घातल्या, काही सापडेना. मग तुमच्या एका मित्राने तिची पित्ताची पिशवी काढली. खडे असणारच, असं तुम्ही दोघांनी आधीच ठरवलं होतं. खडे निघाले नाहीत. पिशवी गेली, ओकाऱ्या राहिल्या. पण ऑपरेशन ही सांगण्यासारखी गोष्ट असते. टाके निघाले त्याच आठवड्यात मंडळी 'वहिनींना भेटायला' आली, आणि वहिनींनी पोटावर एक हात दाबून त्यांना बटाटेवडे तळून वाढले. तुम्ही म्हणालात, "गरमागरम खा, गार झाल्यावर मजा नाही." हे आठवलं की मला अजून तळणाचा वास सहन होत नाही.

पुढे तिचं वजन इतकं उतरलं की तुमच्या हॉस्पिटलातले लोक कुजबुजू लागले. ते झालं तेव्हा कुठे तुम्ही हललात. आपल्या फॅमिली डॉक्टर बाईंनी तिला दुसऱ्या गावच्या हॉस्पिटलात पाठवलं, मनामुळे ज्यांचं शरीर आजारी पडतं अशा लोकांच्या विभागात. सायकोथेरपी हा शब्द आपल्या घरात कधी उच्चारला गेला नाही. तुम्ही त्याला 'तिकडे' म्हणायचात. आई 'तिकडे' आहे. मंडळात सांगितलंत की पोटाच्या स्पेशल तपासण्या चालू आहेत.

'तिकडे' म्हणजे हॉस्पिटलच्या आवारातलं एक जुनं विटांचं घर होतं. पांढरे कोट नाहीत, खाटांच्या रांगा नाहीत. पेशंट सकाळी खुर्च्या गोल मांडून बसायचे आणि बोलायचे, आणि स्वयंपाक पाळीपाळीने स्वतःच करायचे. एका बस ड्रायव्हरचा उजवा हात वर्षभर उचलत नव्हता, आणि त्या हातात कुठल्याही डॉक्टरला काही सापडलं नव्हतं. एका शाळामास्तरणीचा आवाज गेला होता, ती पाटीवर लिहून बोलायची. ही तुमच्या दृष्टीने नाटकी माणसं. पहिल्याच रविवारी गाडीत तुम्ही म्हणालात, "इंग्रजांना काम नाही, म्हणून हे आजार." मागे बसून मी सतराव्या वर्षी खिडकीबाहेर बघत होते आणि आईलाही काम नसतं तर किती बरं, असा विचार करत होते.

त्या घरात एक नियम होता. दुसऱ्याच्या ताटाबद्दल कोणी काही बोलायचं नाही. थोडं का घेतलं, जास्त का घेतलं, काहीही नाही. आपण पोचलो तेव्हा आई सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती. मांडीवर बशी, बशीत बस ड्रायव्हरने डाव्या हाताने केलेला टोस्ट, त्यावर बीन्स. ती खात होती. घाई नाही, कोणाकडे बघणं नाही, पेपर वाचावा तसं सावकाश खात होती. आपल्या घरच्या सोफ्यावर तिने पाय वर घेतलेले मी कधी पाहिले नव्हते. तुम्ही गाडी नीट लावायला गेलात तेव्हा मी विचारलं, "आई, तू इथे हॅपी आहेस का?"

ती टोस्ट मोडत म्हणाली, "इथे वाढत नाहीत गं. आपापलं घेतात."

तिकडे गेल्यापासून तिला उलटी झालेली नव्हती.

मग ती फॅमिली मीटिंग. थेरपिस्ट बाई वयस्कर, साध्या. त्यांनी तुम्हाला विचारलं की घरी जेवताना काय होतं. तुम्ही त्यांना भारतीय आतिथ्यावर लेक्चर दिलंत, अतिथी देव असतो इथपासून. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि आईकडे वळल्या. आई म्हणाली, "ही डझन्ट स्टॉप." एवढंच. तुम्ही हसलात आणि म्हणालात, "शी इज जोकिंग." अठरा-वीस वर्षांच्या संसारात आईने पहिल्यांदा तोंड उघडलं, आणि तुम्ही तो विनोद ठरवलात.

त्यानंतरच्या रविवारचं मला विसरता येत नाही. गणपती तोंडावर आले होते, मंडळाच्या महाप्रसादाला आई हवी होती. तुम्ही कोणा काकूंकडून श्रीखंड-पुरी करून घेतली होतीत. मोठा स्टीलचा डबा. सगळे पेशंट दुपारच्या जेवणाला बसले असताना तुम्ही तो टेबलावर उघडलात आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात की आज मी माझ्या बायकोला माझ्या हाताने वाढणार आहे. ती बरी झाली आहे हे तुम्हाला सिद्ध करायचं होतं. ती म्हणाली, "अहो, माझं जेवण झालंय." तिने हात आडवा धरला. तुम्ही दोन बोटांनी तो सारलात.

बस ड्रायव्हर समोरून म्हणाला, "शी सेड नो, मेट."

"इट्स अवर कल्चर," तुम्ही म्हणालात. मग आईला, "घे गं. माझ्यासाठी. हा एवढाच घास." आणि पुन्हा, "हा शेवटचा." आणि पुन्हा, "मुलीच्या नावाचा." माझं नाव तुम्ही त्यात घातलंत, बाबा. ती गिळत राहिली. माझ्याकडे बघत गिळत राहिली. आणि मग तिथेच, टेबलावर, ते पिवळं केशरी सगळं बाहेर आलं. तुमच्या पँटवर आलं, बुटांवर आलं.

तुम्ही झटकन मागे सरलात आणि म्हणालात, "शी!"

ज्या माणसाने उभी हयात लोकांची आतडी हातात धरली, पू काढला, जो रक्ताने कोपरापर्यंत भरला, तो बायकोच्या पोटात स्वतःच कोंबलेलं बाहेर आलं तेव्हा 'शी' म्हणाला. बस ड्रायव्हरने डाव्या हाताने टी टॉवेल ओढला आणि तिच्यासमोर धरला. "यू ऑल राइट, लव्ह?" मास्तरीणबाई उठून तिच्या पाठीवरून हात फिरवू लागल्या. त्या खोलीत कोणी नाक मुरडलं नाही. तुम्ही एकट्यानेच, कागदी रुमालाने बूट पुसत. तुमच्याबद्दलची माझी किळस त्या क्षणी सुरू झाली आणि खरं सांगायचं तर नंतर कधी थांबली नाही.

इथे राहून ती बिघडते आहे, असं तुम्ही सिस्टरना सांगितलंत. त्यांनी थेरपिस्ट बाईंना बोलावलं. त्या तुमच्याकडे न बघता आईसमोर खाली वाकल्या आणि म्हणाल्या की तू इथे राहू शकतेस, तुला राहायचं आहे का, फक्त तू सांग. आई त्यांच्याकडे बघत होती. तिचे ओठ हललेसुद्धा. पण तुम्ही तिचा कोट आणून दोन्ही हातांनी उघडून धरला होतात, पाहुणी निघाली की धरावा तसा. तिने आधी एक हात त्यात घातला, मग दुसरा. मुकी बिचारी कुणीही हाका. परतताना वास येतो म्हणून तुम्ही गाडीच्या काचा खाली ठेवल्यात, आणि ती मोटरवेवरच्या वाऱ्यात कुडकुडत बसली. गणपतीला मोदक उत्तम झाल्याचं सगळे म्हणाले. पुढची कित्येक वर्षं मी जिन्यात टॉवेल घेऊन उभी राहिले.

तुमची बाजू मला माहीत नाही असं नाही. तुम्ही लहानपणी वार लावून जेवलात. सोमवारी एकाकडे, मंगळवारी दुसऱ्याकडे, परक्या घरांत पडवीत बसून. तुम्हाला कोणी कधी विचारलं नाही की बाळ, अजून थोडं हवं का. हे तुम्ही मला एकदाच सांगितलंत, बी.बी.सी.वरच्या बातम्या बघताना, आणि लगेच आवाज मोठा केलात. जावे त्याच्या वंशा, हेही खरं. मी त्या मुलासाठी रडले आहे. पण तो मुलगा मोठा होऊन घरातल्या एकीच्याच ताटापाशी उभा राहिला आणि तिचा 'नको' त्याला कधी ऐकूच आला नाही. कारण कळलं म्हणून किळस जात नाही, बाबा. मी प्रयत्न करून पाहिला.

तुम्ही अचानक गेलात, साठीच्या आत, ड्यूटीवरच. तेराव्याला घर भरलं. गोडाचं जेवण, आणि तुमच्या आवडीचं म्हणून श्रीखंड. आई पानावर बसली. तुमचे तेच मित्र, ज्यांनी तिची पिशवी काढली होती, भांडं घेऊन तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. "वहिनी, डॉक्टरांच्या नावाचा एक घास." तिने हात आडवा धरला. ते हसले, आणि तिचा हात सारणारं कोणी आहे का म्हणून इकडेतिकडे पाहू लागले. कोणी पुढे आलं नाही. "नको," ती म्हणाली. "मला हवं तेव्हा मी घेईन." तो हात तिने तसाच धरून ठेवला, ते परत जाईपर्यंत. मग जरा वेळाने तिने वाटी ओढली, स्वतः दोन चमचे श्रीखंड घेतलं आणि सावकाश खाल्लं.

जेवण झाल्यावर ती वर गेली. नळ सुटल्याचा आवाज आला. मी सवयीने कपाटातून टॉवेल काढला आणि जिना चढले. बाथरूमचं दार उघडं होतं. ती साबण लावून हात धूत होती, बोटांच्या मधूनमधून, नीट. मला टॉवेल घेऊन उभी बघून म्हणाली, "काय गं, कोण आजारी आहे?"

ती अजून आहे. मिल्टन कीन्सला माझ्याकडे राहते, टोस्टवर बीन्स घेऊन सोफ्यावर पाय वर करून बसते, आणि दर गुरुवारी तुमच्या फोटोला हार घालते. हे पत्र तिला दाखवलं तर ती म्हणेल, "जाऊ दे गं, प्रेमानेच करायचे ते." ते मला ऐकायचं नाही. म्हणून हे तिलाही दाखवणार नाही, लिहून झालं की फाडून टाकीन.

एक सांगायचं राहिलं. तेराव्याला आई खाली आल्यावर मी पानावर बसले. जेवण तुमच्या नावाचं होतं. बाबा, मी श्रीखंड दोनदा मागून घेतलं. कोणी आग्रह केला नव्हता.