नऊचा पतंग, घरभर कापूस

९ एप्रिल

पाठ पुन्हा खाजते आहे. मधल्या खोलीत दिवाळीपासून कापूस आढ्याला टेकलाय. माझं लिहायचं टेबल त्याच्या खाली कुठेतरी. पूर्वेच्या भिंतीशी होतं, एवढं आठवतं. हल्ली स्वयंपाकघरात ओट्यावर वही ठेवून उभ्यानं लिहिते.

मागच्या साली ह्यांनी घाईनं विकला आणि नंतर भाव चढला. ती चुटपुट अजून गेलेली नाही. म्हणून यंदा उठल्या उठल्या मोबाइलवर भाव, मग चहा. आजही तेच. "आठ दिवस थांबू."

कापूस घरात म्हणून देवघरात दिवा नाही, उदबत्ती नाही. आणि घर एकटं सोडायचं नाही. आत्याबाई दिवसभर दारात बसून असतात, पण त्यांना धड दिसत नाही. काही पेटलं तर म्हातारी सासू काय करणार? त्यामुळे मी किंवा हे, एकजण घरी पाहिजेच. दोघं मिळून शेवटचं बाहेर गेलो ते खामगावला, ह्यांचा चष्मा करायला. दिवाळीच्या आधी.

११ एप्रिल

विलास आला, माहेरून, पिंपळगावहून. पाठीवर त्याच्याएवढीच पिशवी. धाकटा भाऊ म्हणायचा, पण आता लंगडत येतो. दहा वर्षं तमिळनाडूच्या किनाऱ्यावर लोकांना काइटसर्फिंग शिकवलं: पायाखाली फळी, कमरेला बांधलेला मोठा पतंग, आणि वारा ओढत नेतो पाण्यावरून. तिथेच गुडघा गेला. मागच्या उन्हाळ्यात घरी बसून कंटाळला तेव्हा आमच्या धरणावर त्याच्या जुन्या बाराच्या पतंगावर मला थोडं शिकवलं होतं. बाराचा म्हणजे बारा चौरस मीटर कापडाचा, ठिकठिकाणी ठिगळं.

आता नवा आणलाय. नऊचा. तो शिकवायचा तिथल्या मालकानं पाठवला.

"माह्या वजनाले हा पुरत नाई, ताई. तुह्या मापाचा हाये."

माझ्या मापाचं काही आणल्याला किती वर्षं झाली असतील.

घरात उलगडायला जागाच नाही. ओसरीवर अर्धा उघडला. निळा, कडेनं पिवळा. कापड करकरतं, नव्या रेनकोटचा वास. आत्याबाईंनी हात फिरवला. "कोनाची साडी व? अंगाले चिकटत नाई."

१६ एप्रिल

डॉक्टर म्हणाले, खाज कापसाचीच. भरपूर पाण्यानं अंघोळ करा, कापसापासून लांब राहा. मी हसले. मी का हसले म्हणून ते पाहत राहिले.

घरी आल्यावर हे म्हणाले, "मंग विलाससंगं दुपारून धरनावर जात जाय. आंग तरी निवन. मी हाओ घरी." पिशवी त्यांनी पाहिली आहे. विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

१७ एप्रिल

नऊचा, पहिला दिवस. विसरायच्या आधी सगळं लिहायचं आहे.

उठताना आवाज नाही. बाराचा फडफडत, कुरकुरत उठायचा. हातातली दांडी वळवली की तो विचार करायचा, मग वळायचा, पोट भरलेल्या बैलासारखा. हा माझ्या मनात येतं तेवढ्यातच वळलेला असतो. दोनदा पाण्यावर आपटला. दोन्ही वेळा त्यानं माझंच ऐकलं होतं.

हलका. पण ओढ अशी की कमरेचा पट्टा बरगड्यांपर्यंत सरकला.

मुख्य घोटाळा हातांचा. घाबरले की मी दांडी पोटाशी ओढून घेते. लहानपणी बाबांच्या बैलगाडीवर कासरा धरलेले हात आहेत हे; कासरा ओढला की बैल थांबतो. इथे ओढलं की पतंग आणखी जोर करतो. थांबायचं असेल तर दांडी सोडायची. सोडली की तो मऊ पडतो, डोक्यावर जाऊन उभा राहतो. कमरेला बांधलेलाच असतो, कुठे जात नाही. डोक्याला कळतं हे. हातांना नाही.

वि. काठावरून ओरडतोय, "सोड! बैल नाई तो! सोड ना ताई!"

एकदा मात्र फळीवर उभी राहिले. खरंच उभी. पायाखाली पाणी सू करत होतं, तव्यावर शिंतोडे पडल्यासारखं. मी पोहायला शिकले माहेरच्या विहिरीत. विहिरीत सरळ जाताच येत नाही, चार हात मारले की दगड. मग वळायचं, पुन्हा दगड. आज समोर काही आलं नाही. येत नाही, येत नाही, आणि मी घाबरून दांडी ओढली.

वाऱ्यानं नेऊन टाकलं ते पलीकडच्या काठाला, नजमाबींच्या टरबुजाच्या वाडीत. धरणाचं पाणी उतरलं की मागे राहिलेल्या गाळात त्या दरसाल टरबूज लावतात. वेलांत बसून होत्या.

"काय व बाई, इमानाची छत्री हाये का हे? वरून कोनं ढकललं तुले?"

मी हसता हसता गाळातच बसले. मग पतंग गुंडाळून, फळी काखेत मारून काठाकाठानं पायी परत. ऊन. पाठ खाजत नव्हती, हे घरी आल्यावर लक्षात आलं.

२२ एप्रिल

पुन्हा नजमाबींच्या वाडीत. परवाही तिथेच. आज त्यांनी टरबूज फोडूनच ठेवलं होतं. "हवा सुटली तं म्हनलं आता येतेच हे."

परत आल्यावर वि. म्हणाला, "जायाले कोनालेबी जमते, ताई. वारा नेते. जिथून निघाली तिथंच परत येता आलं, मंग म्हनता येते, का आपल्याले येते म्हनून." म्हणजे वाऱ्याच्या विरुद्ध, तिरकं तिरकं चढत. तेच मला येत नाही.

मग चप्पल झटकत बसला आणि हळूच खरं बोलला. तो मे महिन्याच्या मध्याला परत किनाऱ्यावर जाणार. उभा राहून शिकवता येतं त्याला. तिकडे वारा सप्टेंबरपर्यंत. शिकायला बायका खूप येतात, त्यांना शिकवणारी बाईच हवी असते. मालक विचारतोय.

"म्या तुहं नाव सांगितलं. परत येनं तेवढं जमव."

"अरे, पंचेचाळीस वर्षांची आहे मी."

"मंग? पतंगाले मालूम हाये का?"

धरणावरून घरी येईपर्यंत बोटांवर महिने मोजले. चार महिने. समुद्र मी पाहिलेला नाही.

२४ एप्रिल

ह्यांना सांगितलं. सगळं: पतंग, नजमाबी, मालक, चार महिने. जेवता जेवता ऐकत होते. हात थांबला नाही. शेवटी म्हणाले, "कापूस गेला का बोलू."

रागावले असते तर बरं झालं असतं. दाढ काढायची, ओसरीचं छत, माझं टेबल, सगळं कापूस गेला की. आता मीही त्यातच.

पण ताट उचलताना पाहिलं, त्यांच्याही मानेवर लाल चट्टे आहेत. गळ्यापर्यंत बटणं लावून बसतात, दिसू नयेत म्हणून.

२९ एप्रिल

दिवा लावला की बल्बभोवती बारीक भुरी पाखरं. बोंडअळीची. बाहेरून येत नाहीत, आमच्याच कापसातून निघतात. अळी लागत नाही म्हणून ज्याची पाकिटं घेतली, तेच बीटीचं बी. हे चपलेनं पाखरं मारत होते. यंदाही तेच बी सांगून ठेवलंय. दुसरं कुठे मिळतं?

आत्याबाई म्हणाल्या, "आमच्या वक्ती अळी वावरात राहे. आता घरात राह्यते." कोणी हसलं नाही. त्यांनाही हसवायचं नव्हतं बहुतेक.

३ मे

वाईट दिवस. वारा धापा टाकत येत होता, एकदम जोर, एकदम काही नाही. एका झटक्यात मी दांडी अशी आवळली की पतंगानं मला पालथं पाडून फरफटत नेलं. गुडघे सोलले. वि. ओरडून ओरडून घोगरा झाला. मला ऐकू येत होतं. बोटं उघडत नव्हती.

नजमाबींनी हळद लावली. म्हणाल्या, "एक इचारू? तू सारं वक्त माह्याकडंच पाह्यत काऊन येते? तिकडं पाह्य ना, तुह्या भावाकडं."

वि.ला सांगितलं तर तो कपाळाला हात लावून बसला. "हेच सांगून राह्यलो मी पंधरा दिवसापासून! जिकडं पाह्यशीन तिकडंच जाशीन."

मी पडायच्या जागेकडेच बघत असते. पाणी रोज हातभर मागे सरतंय. आता बुडालेल्या बाभळींचे बुंधे वर यायला लागले, मग पडायलाही जागा उरणार नाही.

६ मे

व्यापाऱ्याची गाडी आली! ह्यांनीच बोलावली. सकाळपासून टोपल्यांनी भरत होतो. दुपारी पूर्वेच्या भिंतीशी टेबलाचा कोपरा दिसला. शाईचा डाग तसाच. मी त्यावर हात ठेवून जरा वेळ उभी राहिले.

तेवढ्यात ह्यांना कोणाचा तरी फोन. पुढच्या हप्त्यात भाव चढणार म्हणे. हे ऐकत होते, मग जाऊन दारात आडवे उभे राहिले.

व्यापारी म्हणाला, "भाऊ, कापूस हाये का पोरगी हाये? पाठवाची नाई तं बलावता कायले?"

भरलेला कापूस परत उतरवला. संध्याकाळपर्यंत. टेबलावर पहिली टोपली मीच ओतली. दुसरीकडे जागा नव्हती.

हे जेवले नाहीत. मी काही बोलले असते तर ते रडले असते, असं वाटलं. म्हणून बोलले नाही. माझ्यासाठी कोण

७ मे

काल वाक्य तसंच सोडलं. राहू दे.

१० मे

जमलं.

वारा पश्चिमेचा, सरळ. निघालो त्या काठावर पंपाची खोली आहे, तिच्या पांढऱ्या भिंतीवर नजर ठेवली. नजमाबींच्या वाडीकडे पाहिलंच नाही, त्या हाका मारत होत्या तरी. दांडीवर दोनच बोटं. झटका आला, हात आपोआप पोटाशी यायला लागले, आणि मी ते उघडले. पतंग वर जाऊन उभा राहिला. वाट पाहत होता. पुन्हा हळूच ओढला, पुन्हा निघाला. टाचेवर भार, मान वळवून पंपाच्या खोलीकडे. तिरकं तिकडे, तिरकं इकडे. पाणी आज फाडल्यासारखं नव्हतं, शिवण घातल्यासारखं होतं. नऊचा किती चांगला आहे ते आज कळलं. आजवर मी त्याचं तोंड दाबून धरलं होतं.

निघाले त्याच खडकाशी आले. खडकावर माझी चप्पल होती.

आणि वि.च्या शेजारी हे. पांढरा सदरा, बटणं गळ्यापर्यंत.

माझ्या तोंडून पहिलं निघालं ते, "घरी कोण आहे?"

"आई हाये."

म्हणजे कोणी नाही. घर सोडून आले होते. दिवाळीनंतर पहिल्यांदा.

"बाजारात लोक म्हनून राह्यले, तुही बायको पान्यावरून चालते. म्हनलं पाहू तं."

पतंग खाली उतरवायला माणूस लागतो. वि. ओरडला, "दाजी, त्या हवेच्या नळीले धरा! नळीले!" हे चपलेसकट पाण्यात शिरले आणि पतंग कवेत घेतला, कापसाचं गाठोडं घेतात तसा. हवा जाईपर्यंत सोडलाच नाही. मग कापड बोटांत चोळून पाहिलं, उन्हाकडे धरून पाहिलं.

"कापसाचं नाई हे."

"नायलॉन हाये, दाजी."

"हं."

वि. पतंग गुंडाळत थांबला. परत येताना ते पुढे, झपझप. घर एकटं होतं. मी ओल्या कपड्यांत मागे. धूर दिसतो का म्हणून दोघंही लांबूनच पाहत होतो. मध्येच न वळता म्हणाले, "तिथं सप्टेंबरवरी वारा असते म्हनते विलास. तवरोक इथं पेरनी, फवारनी..." "नाही" असं मात्र म्हणाले नाहीत.

घरी काही पेटलं नव्हतं. आत्याबाई दारात. "दोघांचे पाय वाजून राह्यले. कोन मेलं?"

१४ मे

वि. गेला सकाळच्या एसटीनं. पाया पडताना गुडघा वाकेना, तसाच अर्धवट. मालकाला त्यानं सांगितलंय, बहीण येईल. कधी ते सांगितलं नाही. नऊचा ठेवून गेला. "नेत नाई मी. तूच घेऊन ये."

पिशवी ठेवायला दुसरी जागा नाही, म्हणून कापसावरच ठेवली. थोडी रुतली. पाखरं बसलीत तिच्यावर.

भाव चढलेला नाही. थोडा उतरलाय.

हे ओसरीवर मोबाइल घेऊन बसले होते. चहा दिला. विचारलं, "काय म्हणतो भाव?"

"भाव नाई पाह्यला अजून. वारा पाहून राह्यलो." वि.नं जाता जाता त्यांच्या मोबाइलवर वाऱ्याचं अ‍ॅप घालून दिलंय. "दुपारून हाये म्हनते. चांगला हाये." चहा संपवला. मग, "धराले मानूस लागते ना तुले?"

"लागतो."

ते मधल्या खोलीकडे बघायला लागले. मीही. मी पाण्यावर जायचं तर ह्यांनी धरायला यायला पाहिजे. ह्यांनी यायचं तर घरी कोणीतरी पाहिजे.

आत्याबाई दारातून म्हणाल्या, "दोघंबी कापसाकडं पाहून राह्यले ना? मले दिसत नाई, पन समजते."

ऊन आता ओसरीच्या पायरीपर्यंत आलंय. कोणी उठलेलं नाही. पिशवी कापसावरच आहे.