घरी कोण असेल?

सोमवार, १८ नोव्हेंबर

पोचलो एकदाचे. सामानाचा ट्रक आमच्या आधीच येऊन उभा होता आणि लोणच्याची एकही बरणी फुटली नव्हती. हे शकुनने मला दिवसभर ऐकवलं, कारण पॅकिंग तिचं होतं. मी बांधलेल्या पुस्तकांच्या खोक्याचा तळ मात्र लिफ्टमध्येच सुटला.

फ्लॅट झकास आहे. नववा मजला, वारा भरपूर, समोर मोकळं मैदान आणि त्यापलीकडे आणखी टॉवर. कोलकात्यात आलोय असं वाटतच नाही. हिंजवडीच्या जरा पुढे आल्यासारखं वाटतं. माझे नवे साहेब तन्मयदा फोनवर म्हणाले की या न्यू टाउनवरून कोलकात्याबद्दल मत बनवू नका, रविवारी शहरात जा, पायी हिंडा.

संध्याकाळी शेजारच्या काकू नोलेन गुडाचे, म्हणजे खजुरीच्या नव्या गुळाचे, संदेश नावाची मिठाई घेऊन आल्या. आमची नावं विचारली. माझ्या सुश्रुतचं लगेच 'शुश्रुतो' झालं, ते ठीक आहे. पण शकुनचं नाव ऐकून बाईंनी सोबत आलेल्या मुलीकडे बघितलं. मग त्यांच्या मुलीने चाचरत हिंदीत सांगितलं की बंगालीत शकुन म्हणजे गिधाड. मी हसून हसून बेजार झालो. शकुनने माझ्या वाटणीचे संदेश खाऊन सूड घेतला.

बुधवार, २० नोव्हेंबर

कामाची ओळख झाली. आमच्या कंपनीचं एक अ‍ॅप आहे. कोलकाता आणि हावड्यातल्या बऱ्याच सोसायट्या ते वापरतात. गेटवर पाहुणा आला, मेंटेनन्सचं बिल भरायचं, सगळं त्यातूनच. कुणाचा नळ गळला की अ‍ॅपवर तक्रार टाकायची, त्या तक्रारीला आम्ही तिकीट म्हणतो. तिकिटाखाली प्लंबर, सेक्रेटरी, रहिवासी कॉमेंट लिहितात आणि काम झालं की तिकीट बंद होतं.

आता हा सगळा पसारा नव्या सिस्टीममध्ये हलवायचाय. त्याआधी कोणती अकाउंटं जिवंत आणि कोणती मेलेली, हे शोधून काढायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. मेलेलं म्हणजे ज्याने वर्षभर अ‍ॅप उघडलेलंच नाही असं. मला हे काम आवडतं. कुणी कुठे कॉमेंट लिहिली, शेवटचं काय केलं, पाहिजे तसं चाळून काढता येतं. लोकांच्या भानगडीत नाक खुपसायचा तुला पगार मिळतो, असं शकुनचं म्हणणं.

आमची सोसायटीही हेच अ‍ॅप वापरते. स्वयंपाकघरातला नळ गळतो म्हणून शकुनने आजच तिकीट टाकलं. लग्न झाल्यापासून ती माझ्याकडे तक्रारी करतेच आहे, आता माझ्या कंपनीकडेही केली.

तिला इथे जरा जड जाणार आहे. साताऱ्याच्या शाळेतली नोकरी सोडून आली माझ्यासाठी. दिवसभर घरात एकटी, आणि मराठीत बोलायला फक्त मी, तोही संध्याकाळी दमून आलेला. महाराष्ट्र मंडळ आहे म्हणतात, पण ते तिकडे दक्षिणेला, लांब.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

आज एक गंमत सापडली. एक अकाउंट आहे, नाव नुसतं 'मेंटेनन्स'. फोटो नाही, फोन नंबर नाही, कोणत्या सोसायटीचं ते नाही, कधी उघडलं ती तारीखही नाही. त्याने स्वतः एकही तिकीट टाकलेलं नाही आणि त्याला कुणी एकही काम दिलेलं नाही. म्हणून तर ते आजवर कुणाच्या नजरेत आलं नसणार. मी 'कुणी कॉमेंट केली' यावरून शोधलं तेव्हा ते वर आलं.

कॉमेंट मात्र ढिगाने आहेत आणि प्रत्येक तिकिटावर एकच प्रश्न. घरी कोण असेल? बंगाली माणसाला बंगालीत, मारवाड्याला हिंदीत, साहेब लोकांना इंग्रजीत. नळ दुरुस्त करणारा कुठलाही माणूस हेच विचारतो म्हणा. लोकांनीही सरळ उत्तरं दिली आहेत. मी असेन, आई असेल, चारनंतर या.

तन्मयदांना विचारलं. ते म्हणाले की ते कंपनीत आले तेव्हापासून हे अकाउंट आहे, प्रत्येक सोसायटीला वाटतं ते दुसऱ्या सोसायटीचं असेल, कामं होताहेत ना, मग राहू दे. कामं होताहेत हे खरं आहे. ती सगळी तिकिटं 'दुरुस्त झालं' म्हणून बंद आहेत.

मंगळवार, २६ नोव्हेंबर

मेलेल्या अकाउंटांची यादी काढत होतो. सहज म्हणून ती 'मेंटेनन्स'च्या तिकिटांशी ताडून पाहिली.

तिथे ज्यांनी ज्यांनी तक्रार केली होती, ती सगळी माणसं माझ्या यादीत आहेत. त्यांनी त्या प्रश्नाला उत्तर दिलं, तिकीट बंद झालं, आणि त्यानंतर त्यांनी अ‍ॅपच उघडलेलं नाही. आधी मला वाटलं, काम झालं, आता कशाला उघडतील. पण या अ‍ॅपशिवाय गेटमधून दूधवालासुद्धा आत येत नाही. घरातली बाकीची माणसं रोज उघडतात. तक्रार करणारा तेवढा थांबलेला.

घर बदललं असेल, नंबर बदलला असेल, असं एकेकाबद्दल म्हणता येतं. मी संध्याकाळपर्यंत तेच म्हणत बसलो. घरी आल्यावर शकुनने विचारलं की तोंड का उतरलंय. डोकं दुखतंय म्हणालो.

गुरुवार, २८ नोव्हेंबर

राहवलं नाही. हावड्यातल्या एका तिकिटावरचा नंबर लावला. रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, बाथरूमची टाकी गळते अशी तक्रार. फोन त्यांच्या मुलीने उचलला. मी कंपनीकडून बोलतोय, काम नीट झालं का, एवढंच विचारलं.

बाई हिंदीत म्हणाल्या की काम उत्तम झालंय, टाकी तेव्हापासून एक थेंब गळलेली नाही. त्या दिवशी बाबा घरी एकटे होते. त्या परत आल्या तेव्हा दार आतून बंद होतं, कडी लावलेली. दार तोडलं. टेबलावर दोन कप चहा होता, एक प्यायलेला, एक तसाच. बाबांची चप्पल, चष्मा, काठी जागेवर होती. बाबा घरात नव्हते. ते अजून सापडलेले नाहीत. बाईंनी मला विचारलं की तुमचा तो माणूस कोण होता, त्याचं नाव तरी सांगा.

मी फोन ठेवून दिला. लाज वाटते, पण ठेवून दिला.

शनिवार, ३० नोव्हेंबर

जे झालं ते लिहून ठेवतो.

सकाळी शकुन खुशीत होती. गुणगुणत पोहे करत होती. म्हणाली, कोलकात्यातला नळवाला मराठी निघाला! मला वाटलं थट्टा करते आहे. तिने फोन दाखवला. तिच्या तिकिटाखाली, शुद्ध मराठीत —

'नमस्कार ताई. घरी कोण असेल?'

आणि खाली तिचं उत्तर. 'अय्या, तुम्ही मराठी? किती बरं वाटलं! मी दिवसभर एकटीच असते. कधीही या, चहा ठेवते.'

माझ्या हातातली बशी पडली. इतके दिवस कुणी तिच्याशी मराठीत दोन शब्द बोललं नव्हतं. त्याला ते कळलं होतं.

मी तिला सगळं सांगितलं. ती आधी हसली. मग मी ओरडलो. लग्नानंतर पहिल्यांदा तिच्यावर असा ओरडलो. ती खोलीत जाऊन बसली. म्हणाली, तुला माझी जराशी खुशीपण बघवत नाही.

रविवार, १ डिसेंबर

तिचं उत्तर पुसता येत नाही. कॉमेंट पुसायची सोयच ठेवलेली नाही, पुरावा राहावा म्हणून.

तिकीट बंद केलं. उघडलं गेलं. पुन्हा बंद केलं, पुन्हा उघडलं. बाहेरून प्लंबर बोलावून नळ बदलून घेतला. नवा कोरा नळ. तो गेला आणि नळ गळायला लागला.

दाराला साखळी लावली आहे. शकुन माझ्याकडे वेड्याकडे बघावं तशी बघते.

सोमवार, २ डिसेंबर

आज ऑफिसात एकेक तिकीट पहिल्यापासून वाचलं. दुसरं काहीच केलं नाही.

तिला घेऊन पळून जावं असं ठरवत होतो. मग एक तिकीट सापडलं. त्या बाईने लिहिलं होतं की मी घर सोडून बहिणीकडे आले आहे, बारासातला, तुम्ही येऊ नका. खाली त्याची कॉमेंट. 'तिथे घरी कोण असेल?' बाई माझ्या यादीत आहे. बहीण नाही.

म्हणजे तो घर बघत नाही. तक्रारदाराचं नाव बघतो.

मग आणखी एक सापडलं, सगळ्यांत वेगळं. तिथे तक्रार बायकोने केलेली, पण मध्येच तक्रारदार बदललेला. बायकोचं नाव काढून नवऱ्याचं घातलेलं. नवरा सोसायटीचा सेक्रेटरी होता, त्याला तेवढा अधिकार होता. नवऱ्याचं अकाउंट मेलेलं आहे. बायकोने परवाच मेंटेनन्स भरला.

ती जिवंत आहे. ती बाई जिवंत आहे.

मलाही तेवढा अधिकार आहे. या कामासाठीच दिलाय.

मंगळवार, ३ डिसेंबर

केलं. तक्रारदार — शकुन काढून सुश्रुत. एवढंसंच काम, पण बटण दाबायला माझी दुपार गेली. मला मरायचं नाही. अजिबात नाही. हे कुठेतरी लिहायला हवं म्हणून लिहितो. मला भीती वाटते. पण तिचं नाव त्या जागी बघवत नव्हतं.

लगेच कॉमेंट आली. 'नमस्कार दादा. घरी कोण असेल?'

मी लिहिलं — मी. एकटाच.

'बुधवारी येतो.'

शकुनला खोटं सांगितलं. म्हणालो, तुझ्या आईंचा फोन होता, गुडघा फार दुखतोय, तुला बोलावलंय, तिकीट काढलंय. उद्या सकाळचं पुण्याचं विमान, पुढे साताऱ्याला न्यायला तिचा भाऊ येईल. तिचा विश्वास बसला नाही. पण ती माझ्यावर इतकी चिडली आहे की जायला तयार झाली.

बुधवार, ४ डिसेंबर

गेली. टॅक्सीत बसताना मागे वळून बघितलं नाही. बरंच झालं. बघितलं असतं तर मी सगळं बोललो असतो.

—

विमान उतरलं. तिचा मेसेज, पुण्याला पोचले, भाऊ म्हणतो आई ठणठणीत आहे, तू खोटं का बोललास, संध्याकाळी फोन करते, तेव्हा बघते तुझ्याकडे.

रडलो. खूप बरं वाटलं.

—

दुपार. ऊन छान पडलंय. खाली मुलं खेळतायत. नळ गळायचा थांबला. मी हात लावलेला नाही.

—

बेल.

साखळी आहे. कडी आहे. नाही उघडणार. हावड्याच्या बाबांनी उघडलं म्हणून — मी नाही उघडणार. आवाज करायचा नाही. घरात कुणी नाही असं वाटलं तर जाईल.

पुन्हा बेल. सावकाश. घाई नाही त्याला.

दाराबाहेरून मराठी. चांगला आवाज आहे. दादा, आहात का, म्हणतोय.

—

लॅपटॉप समोर उघडाच आहे. तिकीट. आत्ता माझ्या डोळ्यांसमोर —

तक्रारदार: शकुन

मी नाही केलं. मी बदललं, पुन्हा माझं नाव — राहत नाही — पुन्हा शकुन — खाली कॉमेंट येते आहे, एकेक अक्षर —

'ताई, साताऱ्याला घरी कोण अ

नाही. नाही. मी आहे. मी घरी आहे. ओरडून सांगितलं त्याला. आहे म्हटलं, थांबा —

अक्षरं थांबली. नाव परत माझं झालं. तो दाराशी वाट बघतोय. उघडलं नाही तर पुन्हा तिचं होईल, मला कळतंय ते.

साखळी काढली. कडी राहिली आहे.

शकुन, संध्याकाळी फोन लागला नाही तर इकडे येऊ नकोस, आणि अ‍ॅपवर कुणी मराठीत काही विचारलं तर उत्तर दे