पुसलेला ठिपका

प्रिय शेंडेफळ,

पत्र बघून हसली असशील. एक दिवसाआड फोनवर बोलणाऱ्या दादाला हे कुठून सुचलं, असं वाटलं असेल. दोन दिवसांत तीनदा फोन हातात घेतला आणि तीनदा खाली ठेवला. तुझा आवाज ऐकला की मी हवापाण्याच्या गप्पा मारत बसतो आणि बोलायचं ते राहून जातं. त्यापेक्षा कागद बरा. तो मध्येच ‘जेवलास का’ म्हणून विचारत नाही.

इकडे सगळे बरे आहेत. दुकानाचा जुना प्रिंटर अजून कुरकुरत का होईना, चालतो. तीन आठवडे तोंडाला कुलूप लावून बसलायस, कुणाशी बिनसलंय का, म्हणून तुझी वहिनी पिच्छा पुरवते. तिलाही अजून सांगितलेलं नाही.

माझं काम तुला ठाऊकच आहे. तीस वर्षं मी लोकांचे डाग पुसत आलोय. आधी बारीक ब्रश आणि शाईनं, आता माउसनं. मुरमं, व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, फोटोवर बसलेली धूळ. नवरी मुलगी स्वतःलाच ओळखणार नाही असे फोटो देतोस, म्हणून तू चिडवायचीस. आई गेली तेव्हाचं आठवतं? तिचा फोटो मोठा करताना मी हनुवटीवरचा तीळ काढून टाकला. वाटलं, छान दिसेल. तू बारा वर्षांची होतीस. ही माझी आई नाहीच, म्हणालीस आणि दोन दिवस नीट जेवली नाहीस. मी उलट तुलाच वेड्यात काढलं. एवढ्याशा ठिपक्यानं काय बिघडतं, म्हणालो. तो फोटो अजून भिंतीवर तसाच आहे.

तू आकाशाचं ते चित्र घेऊन दुकानात आलीस, तेव्हा मी आल्यागेल्याला सांगत सुटलो होतो. दुर्बिणीनं टिपलेले शेकडो तुकडे जुळवायला तुला दोन वर्षं लागली होती. विज्ञान केंद्राची अख्खी भिंत भरेल एवढं ते छापायचं होतं. माझं पहिलं चित्र आहे दादा, तूच छाप, म्हणून तू पेन ड्राइव्ह माझ्या हातात ठेवलास. कुणी माझ्यावर इतक्या विश्वासानं काही सोपवल्याचं मला आठवत नाही.

आणि मग तो उद्घाटनाचा दिवस. खाली डाव्या कोपऱ्यात तू पाटी लावली होतीस की हा लालसर ठिपका म्हणजे चित्रातली सगळ्यात दूरची दीर्घिका, अब्जावधी सूर्यांचा मेळा, आणि तिचा प्रकाश आपल्यापर्यंत पोचायला तेराशे कोटी वर्षं लागली. पाटी होती, ठिपका नव्हता. लोक वाकून वाकून शोधत होते. चष्म्याचा नंबर वाढला वाटतं, म्हणून एक गृहस्थ हसले. तुझे साहेब हसले नाहीत. तू मला खांबाआड नेऊन विचारलंस, दादा, फाईलला हात लावला होतास का? मी म्हणालो, छे गं, जशी आली तशी छापली. तू लगेच मान डोलावलीस. मग मीच चुकीची फाईल दिली असणार, म्हणालीस आणि तसं साहेबांना जाऊन सांगितलंसही.

लावला होता हात. चहा पीत, रेडिओवरची गाणी ऐकत. काळ्यावर बारीक पांढरे कण दिसले, की मला धुळीखेरीज दुसरं काय सुचणार? जित्याची खोड! धाकटीच्या चित्रावर धूळ नको म्हणून जीव ओतून पुसले. मोठे चमकदार भोवरे तेवढे ठेवले. तुझा लाल ठिपका तर सगळ्यात आधी उडवला, चहाचा शिंतोडा समजून. इथवर नुसता अडाणीपणा होता, तो कबूल केला असता तर आपण पुढे जन्मभर हसलो असतो. पण तुझ्या साहेबांसमोर अडाणी ठरायची मला लाज वाटली. म्हणून खोटं बोललो, आणि आता त्या खोट्याची लाज मला सुखानं बसू देत नाही.

परवा दुपारी शटर ओढून तुझी मूळ फाईल उघडली. काय काय पुसलं ते एकदा बघावं म्हटलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या तर पडद्यावरच पडलं होतं. एक कण मोठा करून पाहिला, तर तो चरख्याच्या चातीसारखा तिरपा निघाला. दुसऱ्या ठिकाणी दोन भोवरे एकमेकांत गुंतले होते. कुठेच धूळ नव्हती गं. जिथे जिथे रिकामं वाटलं तिथे मोठं करावं तर आणखी मागे आणखी काहीतरी. पाचशेपर्यंत मोजले आणि मोजणं सोडून दिलं. इतकं सगळं असतं, आणि माझी धाकटी ते रोज बघते, हे मला ठाऊकच नव्हतं. एकेका क्लिकमध्ये मी काय मिटवत होतो, या विचारानं हात माउसवरून आपोआप बाजूला झाला.

काल फोनवर तू म्हणालीस, माझ्या हातांवरचा माझाच विश्वास उडालाय, सोमवारी साहेबांना सांगून पुढचं चित्र दुसऱ्या कुणाला देऊन टाकते. मी नुसतं ‘हं’ म्हणालो. त्या ‘हं’साठी हे पत्र. सोबत तुझा पेन ड्राइव्ह आहे, त्यावरची फाईल उघडून बघ. योग्य तीच दिली होतीस, ठिपका जागच्या जागी आहे. हे पत्र साहेबांना वाचायला दे, जमलं तर भिंतीवरही लाव. नवी छपाई तयार आहे, या वेळी जशी आली तशी, खरोखर. आईचा तीळ मला आता परत आणता येणार नाही, त्या फोटोची निगेटिव्ह केव्हाच गेली. पण सोमवारी काही सोडू नकोस. चुकले ते माझे हात, तुझे नाहीत.

तुझाच, तोंड दाखवायची हिंमत होईपर्यंत लांबूनच,
दादा