माओरींशिवायची टीम

अंधेरी, रविवार, सप्टेंबर १९५६

...पण दादा खोटं बोलला नाही, तेच झोंबलं. बातमी वाचून मी न्यूझीलंडच्या रग्बी टीमचा फोटो भिंतीला चिकटवत होतो. दक्षिण आफ्रिकेविरुद्ध पहिल्यांदाच सिरीज जिंकली यार!

दादा म्हणाला, "याच टीमने मागे आफ्रिकेला जाताना स्वतःचे सावळे माओरी खेळाडू, म्हणजे न्यूझीलंडचे मूळ रहिवासी, घरी ठेवले. तिथल्या गोऱ्यांना चालत नव्हते ना! तुला तरी आत घेतील का रे?"

"ह्या वेळी माओरी खेळलाय!" मी ओरडलो.

"घरच्या मैदानावर. पुढच्या दौऱ्यात बघू."

फोटो काढणार नाही म्हणजे नाही. पण पुन्हा माओरींना सोडून गेले, तर सगळ्या मॅच हरू देत! आपल्याच टीमबद्दल असं बोलणं गद्दारी आहे? तूच सांग.