पडद्याअलीकडची खुर्ची

मंगळवार, ३ मार्च

ती. दादास,

नमस्कार. वहिनीलाही सांग. तुम्ही दोघं बरे असाल असं धरून चालते. मीही तशी बरी आहे.

चूक आधी. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की मी रक्तदान करायला लागले आहे. ते खरं नाही. माझं रक्त काढतात हे खरं, पण ते कोणाला देत नाहीत. टाकून देतात.

आता बाकीचं.

गेल्या वर्षी मला सारखा थकवा यायचा. जिना चढून खोलीत आले की चपला काढायच्या आधी खाली बसावं लागायचं. वाटलं, कामाने असेल. माझं काम तुला माहीतच आहे, औषधांच्या खोक्यांवरची बारीक अक्षरं दिवसभर वाचायची आणि चुका काढायच्या. पण तपासणीत निघालं वेगळंच. माझ्या अंगात लोह साठतं. जेवणातलं लोह इतरांचं शरीर हवं तेवढंच घेतं, माझं घेतच सुटतं, आणि ते यकृतात, सांध्यांत, हृदयात जाऊन बसतं. दुखणं जन्मभराचं आहे. उपाय एवढाच की अधूनमधून रक्त काढून टाकायचं, म्हणजे नवं रक्त बनवताना शरीर साठवलेलं लोह वापरतं. जळवा लावायच्या काळातला उपाय वाटतो ना? मलाही वाटला.

हॉल एकच आहे. पलीकडे रक्तदाते, मधे निळा पडदा, अलीकडे मी. खुर्ची तशीच, सुई तशीच. पलीकडे कोणाची पिशवी भरली की सिस्टर म्हणतात, "थँक्यू हं, सावकाश उठा." माझी भरली की ती पिवळ्या बादलीत जाते. पडताना थपकन आवाज येतो. गरम असते अजून, दादा. मी एकदा हात लावून बघितला होता.

सिस्टर मात्र गमतीच्या आहेत. म्हणतात, "अगं, भंगारवाल्याला दिलं असतं तर चार खिळे तरी निघाले असते याचे!" मी खूप हसले, जरा जास्तच. त्या दिवशी माझ्याशी दुसरं कोणी बोललंच नव्हतं. मग त्यांनी बिस्किटांचा डबा पुढे केला. मी म्हटलं, "नको, ते रक्तदात्यांसाठी आहे."

"बाई गं, बिस्किटाला काय कळतंय!"

तरी घेतलं नाही. तू असतास तर म्हणाला असतास, घे की शंकासुरा, कोणी पोलिसात देत नाही.

तुला रक्तदान म्हणून का लिहिलं, ते सांगते. बाहेर आले की कोपराच्या आतल्या बाजूला कापसाचा बोळा असतो. बसमध्ये एका बाईंनी तो बघितला आणि विचारलं, "रक्त दिलंत? छान हो." आणि सरकून मला खिडकीची जागा दिली. मी नाही म्हटलं नाही. घरापर्यंत खिडकीपाशी बसून आले. खोलीवर आल्यावर तोच "छान हो" कोणीतरी पुन्हा म्हणावं असं वाटलं, आणि कोणीतरी म्हणजे तूच आहेस.

तू म्हणालासही. एरवी तुझं पत्र म्हणजे चार ओळी, त्यातल्या दोन हवापाण्याच्या. या वेळी दोन्ही बाजू भरून आलं. चष्म्याला येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलंस म्हणे, माझी बहीण रक्त देते. एक म्हातारे गृहस्थ काचांचा नंबर विसरून माझंच विचारत बसले, हे वाचून बरं वाटलं आणि लाजही वाटली. मग ती ओळ आली: "आपल्या घरात कोणाचं तरी रक्त कामाचं निघालं."

ती कोणाला उद्देशून होती हे मला कळलं.

एक चांगली बातमी आहे. माझं लोह आता आटोक्यात आलंय. हे दुखणं रक्तातून दुसऱ्याला लागत नाही, त्यामुळे यापुढे माझं रक्त इतरांसारखंच रक्तपेढीत घेता येईल असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पुढच्या वेळी मी पडद्यापलीकडे बसेन. खरंच कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

पत्र इथेच संपवायचं ठरवलं होतं. पाकिटावर पत्ताही लिहून झाला होता. पण तू शेवटी, अगदी कोपऱ्यात, लिहिलंयस की उजव्या हाताची दोन बोटं मुळाशी दुखतात, फ्रेमचा स्क्रू चिमटीत धरवत नाही, सारखा निसटतो. "वय झालं, दुसरं काय." दादा, तुझं काही वय झालेलं नाही. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत माझा हात हातात घेऊन हीच दोन बोटं दाबून बघितली होती. अंगठ्याशेजारचं आणि मधलं.

हे दुखणं आई आणि बाबा दोघांकडून यावं लागतं. मला आलंय, म्हणजे तुलाही असू शकतं. नसेलही. साध्या रक्ततपासणीत कळतं, आणि वेळेवर कळलं तर काही बिघडत नाही, माझ्यासारखं खुर्चीत बसायचं, झालं. उशीर झाला तर यकृत जातं.

यकृत हा शब्द लिहिला, आता पुढचं लिहायलाच हवं. बाबांच्या नियमाने हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं. मी शेवटाला ढकललं.

दुसरी चूक. बाबा पीत नव्हते.

डॉक्टरीणबाईंनी घरच्यांचं विचारलं तेव्हा मी सांगितलं, वडील यकृताने गेले. पुढे त्याच विचारत गेल्या. दुपारी झोपायचे का? हो. बोटं आखडायची? हो, आम्हाला शिकवताना फळ्यापाशी खडू पडायचा. शेवटी रंग काळवंडला होता? हो, आम्ही म्हणायचो नोकरी पाणीपुरवठ्याच्या पंपावरची, उन्हात उभे राहतात म्हणून. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, आता सिद्ध करता येणार नाही, पण एक थेंबही न घेता माणूस असा जाऊ शकतो.

तुला ते टेबल आठवतं? पंपघराच्या क्वार्टरमधलं, जवळपास शाळा नाही म्हणून ज्यावर बाबांनी आपल्याला शिकवलं. रोजचा धडा कालच्या चुकीने सुरू व्हायचा. खोडायचं नाही, एकच रेघ मारायची, चूक वाचता आली पाहिजे. दुखणं यकृताचं निघालं तेव्हा त्याच टेबलाशी ते म्हणाले होते, "मी कधी घेतलेली नाही रे." आणि तू म्हणालास, "चूक आधी, बाबा. बाकीचं नंतर." त्यांना राग आला नाही. म्हणाले, "माझ्या वहीत ती चूक नाही." मग उठून पंप बघायला गेले. त्यानंतर तू घरी आला नाहीस.

मी दारात होते. मलाही तेव्हा तूच बरोबर वाटला होतास. म्हणून हे तुझ्या एकट्याच्या माथ्यावर ठेवत नाहीये. पण मी गप्प राहिले तर तुझं मन जपलं जाईल आणि हात जाईल, मग तूही जाशील, आणि या पत्त्यावर पत्र पाठवणारं जगात कोणी उरणार नाही. मी फार विचार केला. बाबा असते तर त्यांनी स्वतःचं नाव राखण्याआधी तुला दवाखान्यात नेलं असतं.

उत्तर लिहू नकोस. रागावलास तरी पत्रातून रागावू नकोस, समोर रागव. रक्त देऊन झालं की मी या वेळी बिस्किट खाईन आणि तिथूनच बस धरेन. तुझ्या गावातल्या इस्पितळात ही तपासणी होते, मी फोन करून विचारून ठेवलंय. दुकान बंद व्हायच्या आत पोचेन. शटर ओढू नकोस. तो हात मला दाखव. मग दोघं जाऊ.

गुरुवारी, एकोणीस तारखेला.

तुझी आणि बाबांची,
शंकासूर