भोकाच्या कडेवरचं शून्य

प्रिय भिंगरी,

फोन तू उचलत नाहीस, आणि बरोबरच करतेस. मीही उचलला नसता. म्हणून हे कागदावर, आणि घाईत. अक्षराला नावं ठेवू नकोस.

कचेरी आहे तशीच आहे. आरेखक अजूनही चहा पेन्सिलीने ढवळतो. तुझ्या टेबलावर नकाशांच्या गुंडाळ्या पडलेल्या असतात. तुझ्या बाबाला मी दर आठवड्याला भेटते. तो तुझा विषय काढत नाही, मीही काढत नाही. दोघं भावंडं मिठाची गुळणी धरून बसतो.

रुग्णालयाचा पूल उभा राहिला. दोन इमारतींना जोडणारा, ज्यावरून रोग्यांच्या खाटा ढकलत नेणार, तोच. त्याला तोलणाऱ्या चार पोलादी पाट्यांत केबल जायला एकेक भोक आहे. त्यांचं गणित माझं. ताण थेट शोधायचे नाहीत, एक फलन, म्हणजे पाटीच्या प्रत्येक बिंदूला एक किंमत देणारं सूत्र, शोधायचं. त्याचं दोनदा विकलन केलं की ताण हाती येतात आणि बलांचा समतोल आपोआप साधतो. काय अभिमान होता मला त्या आपोआपचा! जणू समतोल साधला की सत्य सापडलंच.

भर बैठकीत तू म्हणालीस, "आत्या, फलन बाहेरच्या कडेवर शून्य धरलेलं चालेल, भोकाच्या कडेवर नको. तिथली किंमत गणितातूनच निघू दे. नाहीतर भोकाला वळसा घालून आलं की पाटी स्वतःशीच जुळणार नाही."

मी काय म्हणाले, तेही तुला पाठ असेल. "पाढे मी शिकवले, आता तू मला शून्य शिकवणार?"

सगळे हसले. मग मी पंधरा मिनिटं बोलले. अनुभवावर बोलले, शिस्तीवर बोलले, भोकावर एक शब्द बोलले नाही. तू तिसऱ्या दिवशी नोकरी सोडलीस आणि मी तुझ्या उद्धटपणावर आणखी एक भाषण ठोकलं.

आज सकाळी पुलावर वाळूची पोती रचून चाचणी झाली. भोकापाशी चिकटवलेल्या मापकाने माझ्या आकड्याच्या दीडपट ताण दाखवला. मापक नीट चिकटला नसेल, असं मुख्य अभियंता म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. खोलीचं दार लावून मी भोकाभोवती बेरीज करत गेले. निघाले त्या बिंदूवर परतले नाही. माझ्या गणितात अर्ध्या मिलिमीटरची फट. कागदावर बलं सगळी समतोल, आणि पोलाद फाटलेलं!

मी मुख्य अभियंत्यांना सांगितलं, चूक माझी, पूल उघडू नका. ते म्हणाले, "बाई, तुमच्या गणिताला तुमचीच शंका. दुसऱ्या कुणाचा आकडा आणा." उद्घाटनाचे पाहुणे आज पाच वाजता येतात. चारपर्यंत आकडा नसेल तर फीत कापली जाईल आणि उद्यापासून खाटा जातील. नव्याने गणित मांडायला मला दोन दिवस लागतील.

तुझ्या रीतीने ते मांडलेलं तुझ्यापाशी आहे, हे मला माहीत आहे. पाटीवर त्रिकोणांची जाळी, ताण आणि पोलादाचं सरकणं दोन्ही एकाच वेळी शोधायचं, म्हणजे एकाने दुसऱ्याला फसवायला नको. ही चिठ्ठी आणणारी गाडी तुझ्या दाराशी उभी आहे. मला माफ करू नकोस, त्याला सवड नाही. फक्त गणित घेऊन ये. त्याच सगळ्यांसमोर तू बोल. मी शेजारी उभी राहीन, गप्प.

तुझीच, चुकलेली,
आत्या